सतरा नंबरची जागा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅस बंद केला, वही ओढली आणि कामं लिहायला बसले. रडायला सवड नव्हती. निपाणीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सभासदांची यादी आणि दफनभूमीचा नकाशा माझ्या कपाटात असतो, त्यामुळे कुणी गेलं की पहिली धावपळ माझीच. शिवाय मला ते खरंच वाटत नव्हतं. शलमोन अण्णा परवाच येऊन त्याच कपाटाच्या दाराची बिजागरी बदलून, चहा पिऊन, सायकलवरून गेले होते... त्यांची मुलगी रूथ बेळगावात नर्स आहे. ती फोनवर एवढंच म्हणाली, "आत्या, बाबा झोपेतच गेले." मी लिहिलं: पाळक, गाडी, फुलं, जागा. 'जागा'पुढे लगेच खूण केली. अण्णांच्या पत्नी साराकाकी, त्यांच्या शेजारची सतरा नंबरची जागा अण्णांसाठी राखलेली होती.

तासाभरात दफनभूमीतून मारुतीचा फोन आला. खड्डे तोच खणतो. "बाई, सतरात कसं खणू? तिथं बायजाक्का हाय की."

मी नकाशा काढला; सतराव्या चौकोनात अण्णांचंच नाव होतं.

बायजाक्का तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मागंपुढं कुणी नाही. दर रविवारी उपासनेला येऊन शेवटच्या बाकावर बसायची. पुढच्या बाकांना टेकायला पाठ होती, मागच्यांना नव्हती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अण्णा सुतार. त्यांनी एका शनिवारी मागच्या बाकांना पाठी ठोकल्या आणि स्वतः तिथंच बसायला लागले. शवपेट्याही तेच करायचे, डॉक्टरांच्या आईला जी फळी तीच हमालाला. याबद्दल ते कधी बोलत नसत, विचारलं तर म्हणायचे, "लाकडाला काय कळतंय कोण झोपलंय ते."

आमच्याकडे आधीच्या मंडळीचं पत्र आणल्याशिवाय सभासदांत नाव चढत नाही. बायजाक्काची मंडळी लोंढ्याकडची, पत्र कधी आलंच नाही. दोन वर्षांपूर्वी ती वारली तेव्हा अण्णा माझ्याकडे जागा मागायला आले. मी यादी उघडून दाखवली. नाव नाही. बाहेर कुठे सोय होते का बघा, म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. दारातून वळून म्हणाले, "शास्त्रात परक्याची आठवण किती वेळा केलीया, मोज कवातरी. तुला मोजायची हौस हाय."

मी हसले. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या ऑपरेशनसाठी बेळगावला गेले. आल्यावर विचारलं, तर अण्णा म्हणाले, "झाली सोय." आणि मी वहीत त्या कामापुढेही खूण केली.

सोय अशी झाली होती की अण्णांनी तेव्हाच्या पाळकांना आपली जागा लिहून दिली होती. पाळकांकडच्या दफनाच्या रजिस्टरात नोंद होती. रजिस्टर आणि माझा नकाशा मी कधी ताडून पाहिले नाहीत. माझा नकाशा चुकेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

रूथला सगळं माहीत होतं. "बाबांनी आईच्या फोटोला विचारलं होतं," ती म्हणाली. "आई न्हाय म्हणाली न्हाय, असं सांगायचे." चाळीस वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला, तिच्याशेजारची माती त्यांनी देऊन टाकली होती, आणि ती देण्याची वेळ माझ्या एका 'नाही'मुळे आली होती. त्या दुपारी आम्ही अण्णांना दूर कुंपणालगत ठेवलं, साराकाकींपासून तीन ओळी लांब. पेटी त्यांनी आधीच करून ठेवली होती. तीच फळी.

आता पाच आठवडे झाले, तरी अण्णा कपाट दुरुस्त करायला आले होते तोच दिवस मला आठवत राहतो. बिजागरी बसवताना यादी समोरच होती. अण्णा म्हणाले, "नवी यादी करशील तवा बायजाक्काला घाल गं." मी म्हटलं, गेलेल्या माणसाला कुठल्या यादीत घालू? त्यांनी दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. "आता आवाज न्हाय बघ." ते मला शेवटचं विचारत होते... मला कळलं नाही.

काल कपाट उघडलं. दार खरंच वाजत नाही. मी नकाशात सतराव्या चौकोनातलं अण्णांचं नाव खोडून बायजाक्काचं लिहिलं. मग नवी यादी घेतली आणि तिथंही तिचं नाव चढवलं. शेवटचा रकाना असतो 'कोणाच्या पत्राने'. तो रिकामा ठेवता येत नाही. मी लिहिलं, शलमोन अण्णा.