उज्ज्वलाचा न पोचलेला कागद

फुलसावंगीच्या बस स्टँडमागे उज्ज्वलाचं झेरॉक्स-स्कॅनिंगचं दुकान आहे आणि त्यातल्या बाकाचा भिंतीकडचा कोपरा माझा आहे. मी सदाशिवराव, निवृत्त मास्तर. घरी बायको, इंदूबाई, धड पेपर वाचू देत नाही, म्हणून रोज दहाला इथं येऊन बसतो. लोकांचं ऐकतो, कोणी न विचारता सल्ले देतो. उज्ज्वलानं त्यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही.

ती दिग्रसची. लग्न होऊन इथल्या बंजाऱ्यांच्या तांड्यात आली, तांड्याचा प्रमुख, नायक लालसिंगची सून म्हणून. तांड्यात निम्मे लोक राठोड, त्यात देवसिंग तीन आणि मानीबाई पाच. नावानं कागद शोधायचे तर डोक्याचा पार भुगा व्हायचा. शिवाय म्हाताऱ्यांना अक्षर कळत नाही. मग तिनं कॉम्प्युटरवर फोटो सांभाळायचं एक सॉफ्टवेअर टाकलं. स्कॅन केलेला प्रत्येक कागद त्यात आपोआप जमा होतो, स्क्रीनशॉट घेतला तर तोही. कागदावरचा चेहरा ओळखून ते प्रत्येकाचे कागद वेगळे लावतं. बाकासमोर तिनं दुसरा पडदा बसवला. त्यावर कागद एकामागून एक फिरत राहतात. एखाद्या मानीबाईला आपला चेहरा दिसला, की ती ओरडते, "हा माहा!" आणि उज्ज्वला तो छापून देते.

मी एकदा म्हटलं, "अगं, सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसतं की!"

"तांड्यात लपून राह्यलेलं काय हाय, गुरुजी?" ती हसून म्हणाली.

तिचंच एक लपून राहिलेलं होतं. नागपूरच्या एका संग्रहालयात जुने फोटो स्कॅन करून लावायला माणूस हवा होता. तिनं गुपचूप अर्ज केला, परीक्षा दिली आणि निवड झाली. हे फक्त तिच्या नवऱ्याला, ओमला ठाऊक होतं. नोव्हेंबरात निवडीचं पत्र कॉम्प्युटरवर उघडलं, तेव्हा नेट सारखं जात होतं. पत्र हातचं जाऊ नये म्हणून तिनं झटकन स्क्रीनशॉट घेतला. पत्राच्या कोपऱ्यात तिचा फोटो होता. ते सॉफ्टवेअर तो स्क्रीनशॉटही उचलणार, हे त्या घाईत ती विसरली.

बाकावर मी होतो, लालसिंग होता, चार बाया होत्या. पडद्यावर उज्ज्वलाचा चेहरा आला.

"अवं उज्ज्वला, तुहा बी आला!" मानीबाईनं टाळी वाजवली.

लालसिंगला कौतुक वाटलं. "काय लिहेल हाय, गुरुजी? वाचा बरं."

उज्ज्वलानं माझ्याकडे बघून मान हलवली. नका वाचू. मला ते स्वच्छ दिसलं. लाईटबिलाची सूचना आहे, असं काहीही सांगता आलं असतं. पण चारचौघांत कोणी वाचा म्हटलं, की मला अजूनही बरं वाटतं. मी उभा राहिलो आणि घसा साफ करून शेवटपर्यंत वाचलं. पंचवीस नोव्हेंबरला हजर व्हावे, न झाल्यास निवड रद्द.

लालसिंग ओरडला नाही. पडद्यावरचा तिचा चेहरा त्यानं पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाला, "जा पोरी. तुले कोण अडवते? पण आपल्या बापजाद्यायनं लोकायचं मीठ, धान्य बैलावर वाह्यलं. ज्याचं त्याले पोचवल्याबिगर तांडा पुढं हालला नाई. तुह्यापाशी लोकायचे कागद हायेत. ज्याचे त्याले देऊन टाक, मंग खुशाल जा."

मला ते न्यायाचं वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण तिचा चेहरा उजळला. दोनशे बारा जणांचे कागद होते आणि हातात सतरा दिवस. दुसऱ्या दिवसापासून ती छापून छापून द्यायला लागली.

पण कागद न्यायला येणारा प्रत्येक जण दोन नवे घेऊन यायचा. "आता तू जाऊनच राह्यली, त एवढं करून जा." तांड्यातल्या हिरासिंगनं नेलेला गठ्ठा तिसऱ्या दिवशी परत आणला. घरी उंदीर कुरतडतात म्हणे, तुझ्यापाशीच ठेव. जवळच्या दुसऱ्या तांड्यातले लोकही यायला लागले. विहीर उपसावी आणि आतून झरे भरत राहावेत, तसं चाललं होतं. ओमनं बॅग भरून ठेवली होती. लालसिंग रोज संध्याकाळी मायेनंच विचारायचा, "किती राह्यले, बेटा?" नाही म्हणणारं कोणीच नव्हतं, मग भांडायचं तरी कोणाशी? चोवीस तारखेला तिनं सांगितलं, "दोनशे एकेचाळीस."

पंचवीसला सकाळी मी गेलो, तर ती दुकानातच. माझ्या खिशात हयातीचा दाखला होता. तो स्कॅन करून पाठवल्याशिवाय पेन्शन चालू राहत नाही.

"उज्ज्वला, आज पंचवीस ना?"

"हो. द्या तुमचा कागद."

मी महागावला जाऊ शकलो असतो. बस होती, तिथं अशी दुकानंही आहेत. निदान त्या दिवशी तरी तो दाखला खिशात ठेवायला हवा होता. मी दिला. त्याची लाज मला अजून वाटते.

मार्च लागला. ते पत्र अजून पडद्यावर फिरतं. रेशनकार्डं, जातीचे दाखले, माझा हयातीचा दाखला आणि मधेच उज्ज्वला. आता त्याकडे कोणी वळूनही बघत नाही, मला मात्र बघवत नाही. काल दुकानात दोघंच होतो, तेव्हा म्हणालो, "पोरी, पुसून टाक ते. एक बटण दाबायचं तर काम."

ती स्कॅनरमध्ये कागद सरळ करत होती. वर न बघता म्हणाली, "पुसू कायले, गुरुजी? हा बी कोणाचा तरी कागदच हाय. ज्याचा त्याले अजून पोचला नाई."