गुरुजींचा मोठ्या बटणांचा रिमोट

तीन मित्र टेबलाशी काही जोडायला बसले, की ती वस्तू जोडली जाईलच असं नाही. किस्से मात्र आपोआप जमतात. आमचे सोनईत, माझ्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात जमले.

झालं असं, की सॅम्युअलच्या वडिलांना, म्हणजे आमच्या गुरुजींना, लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. दिवसभर टीव्हीसमोर. पण रिमोटची बारीक बटणं डाव्या हाताला जमेनात. बातम्या लावायला जावं तर भलतंच लागायचं. एकदा त्यांनी रागानं रिमोट भिंतीवर फेकला!

सॅम्युअल ड्रॉइंगचा मास्तर. म्हणाला, "पप्पांसाठी मोठ्या बटणांचा रिमोट करू." माझ्याकडे एक छोटं मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम भरता येणारी चिप, पडून होतं. त्यावर टोपीसारखं बसणारं, रिमोटसारखा सिग्नल सोडणारं इन्फ्रारेड बोर्ड घरीच करायचं ठरलं. तिसरा बबन. शेती करतो, जळालेल्या पंपाच्या मोटारींत नवी तार भरतो, आणि कशालाच घाबरत नाही.

*

जुन्या रिमोटचा सिग्नल वाचायला तीन पायांचा सेन्सर लागतो. बबननं तो उलटा जोडला. धूर!

मी ओरडलो, "अरे, जळला की!"

बबन शांत. "जळला म्हंजी करंट पोचतोय. निम्मं काम झालं!"

*

मग सिग्नल पाठवणारा एलईडी. बबननं जोडला, पेटेना. दुसरा जोडला, तोही पेटेना. दोन्ही कचऱ्यात!

मी म्हटलं, "लेका, इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नसतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघ."

कचऱ्यातला काढून बघितला, तर झकास जांभळा उजेड!

"व्हय की!" बबन म्हणाला. "आपल्या गावच्या विकासासारखंच हाय. निस्तं मोबाईलमधी दिसतंय!"

*

जोडणीचा नकाशा सॅम्युअलनं काढला. रंगीत, शेडिंगसकट! तो समोर ठेवून मी सगळं सोल्डर केलं आणि बसवायला गेलो, तर डावीकडच्या पिना उजवीकडे. नकाशा बोर्डाच्या वरच्या बाजूचा, आणि मी सोल्डर केलेलं खालून!

सॅम्युअलनं बोर्ड आरशासमोर धरलं. "इथं बघ. माझा नकाशा बरोबरच आहे!"

सगळं उकललं, परत जोडलं.

*

रविवारी चर्च सुटल्यावर सॅम्युअलच्या घरी जमलो. शेजारीपाजारीही आले. बोर्ड एका प्लास्टिकच्या डब्यात बसवलं होतं, वर चार मोठी बटणं. गुरुजींनी डावा तळहात पहिल्या बटणावर दाबला.

काहीच नाही.

बबन हळूच म्हणाला, "गुरुजी, त्वांड टीव्हीकडं करा डब्याचं."

त्यांनी डबा फिरवला, दाबलं. टीव्ही लागला! सॅम्युअलच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. गुरुजींनी स्वतःच्या हातानं बातम्या लावल्या.

सॅम्युअलला मात्र राहवेना. टीव्हीच्या बाजूला उभा राहून तो सगळ्यांना इन्फ्रारेड समजावू लागला. सेन्सर, फ्रिक्वेन्सी, आपले कष्ट, आपला नकाशा... चहा निवला तरी थांबेना.

गुरुजी त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी डबा सावकाश टीव्हीवरून सॅम्युअलकडे वळवला, नेम धरला, आणि आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं!