निम्मी माणसं पाठमोरी

आमच्या घरच्यांना फोटोसाठी "ओळीत बसा" म्हणून कधी सांगू नये, हे मला लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर कळलं. फोटो काढणारी मुलगी माझ्या खराडीच्या ऑफिसातली. शनिवार-रविवारी हौसेने लोकांचे फॅमिली फोटो काढते. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला. समोर सहा माणसं मैदानाच्या मधोमध उकिडवी बसली होती, पण एकाचं तोंड आमच्याकडे, पुढच्याचं पलीकडे, त्याच्या पुढच्याचं पुन्हा आमच्याकडे.

"मॅडम, हे असे का बसलेत?" तिने हळूच विचारलं.

"खो-खोवाले आहेत," मी म्हटलं. "यांना दुसऱ्या तऱ्हेने बसता येत नाही."

खरंच येत नाही. सासऱ्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. ते पेठेतल्या क्लबाचे जुने खेळाडू, मग प्रशिक्षक, मग पंच. दोन्ही मुलगे त्याच मातीत वाढले. नणंद खेळली, जाऊ तर दिरांना भेटलीच मैदानावर. माझी मुलगी खेळते, पुतण्या खेळतो. या घरात न खेळलेली मी एकटी, म्हणून गुण लिहायची वही कायम माझ्या हातात. अण्णांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, हॉल नको, शाल नको, नारळ तर मुळीच नको. सगळ्यांचा मैदानावर एक फोटो हवा.

सगळ्यांचा म्हणाले, आणि घोडं तिथेच अडलं. माझा नवरा आणि दीर दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण सांगितलं तर कुणी हसेल. क्लबाच्या स्पर्धेची फायनल होती. नवरा मुलींचा प्रशिक्षक, दीर पंच. शेवटच्या मिनिटात दिरांनी माझ्या मुलीला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या पुतणीला, बाद दिलं. पळताना दोन्ही पाय रेषेबाहेर गेले म्हणाले. आम्ही एका गुणाने हरलो. नवरा भर मैदानात ओरडला, "एक पाय आत होता. पुतणीचा बळी देऊन प्रामाणिकपणा मिरवतोस का?" दिरांनी शिट्टी खिशात टाकली आणि निघून गेले. तेव्हापासून आम्ही खराडीत, ते वाघोलीत आणि मधे निरोप्या मी. दीर मला फोन करणार, "वहिनी, दादाला सांगा, अण्णांच्या डोळ्यांसाठी डॉक्टरांची वेळ घेतलीय." नवरा शेजारी बसून म्हणणार, "सांग त्याला, मी नेईन." दोघांकडे एकमेकांचे नंबर आहेत, बोटं शाबूत आहेत. पण नाही. वीट आला होता मला या पोस्टखात्याचा.

त्याहून वाईट गोष्ट मात्र वेगळीच होती. त्या फायनलच्याच संध्याकाळी मुलीने मला स्वयंपाकघरात सांगितलं होतं, "आई, दोन्ही पाय बाहेर होते. मला कळलं होतं. बाबांना सांगू नकोस." मी नाही सांगितलं. माणूस चारचौघांत एवढं बोलून बसलेला, त्यात पोरीनेच खोटं पाडलं तर तोंड कुठे दाखवेल, असं वाटलं. मग दीड वर्ष दिरांचा फोन आला की मला चोरासारखं व्हायचं. ते खरे होते आणि मला ते माहीत होतं.

फोटोच्या त्या रविवारी सकाळी दीर आले ते वडिलांसाठी. नवऱ्यापासून शक्य तितके लांब बसले. अण्णांना मधे खुर्ची देऊन, सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळवून दोन-चार फोटो झाले, पण चेहरे आधार कार्डावरचे. फोटोवाली मुलगी वैतागून म्हणाली, "काका, थोडं खेळा ना. नॅचरल येईल."

अण्णांना एवढंच हवं होतं. शिट्टी घेऊन ते स्वतः पंच झाले. माझी मुलगी पळणार, दीर तिचा पाठलाग करणार, बाकीचे चौघे बसणार. पाठलाग करणाऱ्याला बसलेल्यांच्या ओळीतून आरपार जाता येत नाही. पळणारा पलीकडे निसटला, की समोर जो पाठमोरा बसलाय त्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने खो म्हणायचं, मग तो उठून धावणार. माझी मुलगी, मुद्दाम की काय देव जाणे, नेमकी बापाच्या शेजारून पलीकडे गेली. दिरांसमोर नवऱ्याची पाठ.

दिरांनी हात लावला. तोंडातून शब्द नाही. नवरा बसलेलाच. अण्णांनी शिट्टी मारली.

"फाऊल. खो ऐकू आला नाही."

"अण्णा, फोटोसाठी चाललंय," दीर म्हणाले.

"मग फाऊलचा फोटो लावू का भिंतीवर? पुन्हा."

दुसऱ्यांदा दीर काहीतरी पुटपुटले. पुन्हा शिट्टी. "मला ऐकू येऊन काय उपयोग? त्याला आलं पाहिजे."

नवरा मान खाली घालून तसाच बसला होता. हा आता उठणार आणि सरळ गाडीकडे चालू लागणार, याची मला खात्रीच होती.

तिसऱ्यांदा दीर मोठ्याने म्हणाले, "खो." मैदानाच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

नवरा उठला आणि धावला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. मुलगी त्याच्या हाती लागणार नव्हतीच. तो कडेच्या खांबाशी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा राहिला. दीर त्याच्यामागून गेले. मी पाण्याची बाटली घेऊन पोचले, तेव्हा नवरा जमिनीकडे बघत म्हणत होता, "त्या दिवशी दोन्ही पाय बाहेर होते."

"बाद मीच दिलं होतं," दीर म्हणाले. "मला काय सांगतोस?"

"मला तेव्हाच दिसलं होतं."

"आधी दम खा. मग बोल."

झालं, एवढंच. गळाभेट वगैरे आमच्यात नाही. दिरांनी माझ्या हातातून बाटली घेतली आणि त्याला दिली. मी मात्र तिथेच मातीत बसले आणि रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. सुटले एकदाची, असं मी मोठ्याने म्हटलंही.

परत येताना गाडीत मात्र राग आला. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "मग मला तरी सांगायचं."

"तू विचारलंच नाहीस," तो म्हणाला.

दीड वर्ष मी दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवले. तुम्हाला काय दिसलं, एवढं मात्र नवऱ्याला एकदाही विचारलं नाही. हा खोटं सांगेल, याची भीती वाटायची मला. विचारलं असतं, तर तो माझ्याशी खोटं बोलला नसता.