नाव लिहा, कारण लिहा

विंग कमांडर मनोहर केळुसकर यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला चोरी करताना पकडलं तेव्हा.

नोकरीतल्या बदलीने मी नुकताच चंदीगडला येऊन पडलो होतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मला माझा एक विनोदी लेख वाचायला सांगितला गेला. श्रोते एक डोळा मोदकांच्या टेबलाकडे ठेवून हसत होते आणि मी ते हसू स्वतःच्या खात्यावर जमा करत होतो. कार्यक्रम आटोपल्यावर ताठ पाठीचे, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ जवळ आले.

"छान झालं," ते म्हणाले. "फक्त तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही नव्हता."

"म्हणजे?"

"तिथे दुसरं कुणीतरी बोलत होतं. कोण ते मला नाही सांगता येणार, माझं मराठी वाचन बेताचं. पण तुम्ही वाक्य संपवताना आवाज खाली सोडता. तिथे तो वरच राहिला. श्वासही भलत्या जागी घेतलात."

तो परिच्छेद मी माझ्या एका आवडत्या लेखकाच्या चालीवर बेतलेला होता. लेख दोनदा छापून आला होता. संपादकांना कळलं नव्हतं, समीक्षकांना कळलं नव्हतं (त्यांनी वाचला नसावा, ही शक्यता मी राखून ठेवतो), आणि हे हवाई दलातले निवृत्त इंजिनीअर मोदक खाता खाता मला सांगत होते की माल उसना आहे. मी गप्प झालो. माझ्या ओळखीच्या लोकांना विचारा, हे किती क्वचित घडतं ते.

"रविवारी अकराला घरी या," ते म्हणाले. "आम्ही जॅझ ऐकतो."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"उत्तम. म्हणजे वाईट सवयी लागलेल्या नसतील."

केळुसकर सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या सेवेविषयी, शिस्तीविषयी, मंडळाच्या कामाविषयी इतरांनी अधिकाराने लिहिलं असेलच. मी त्या रविवारांविषयी लिहिणार आहे. मला तेवढंच येतं, आणि तेही मला सरांनीच शिकवलं.

सेक्टर छत्तीसमधल्या कोठीचा (इथे बंगल्याला कोठी म्हणतात) वरचा मजला. बैठकीत चार खुर्च्या, दोन भलेमोठे स्पीकर, आणि एका लाकडी पडद्याआड तबकडी वाजवायचं यंत्र. पंचकुल्याहून आपली गाडी घेऊन येणारे, हायकोर्टात वकिली केलेले ग्रेवालसाहेब, मोहालीच्या कंपनीत काम करणारी आणि मुल्लानपूरच्या नव्या टॉवरमधून स्कूटरवर येणारी मृण्मयी, मी, आणि सर. रेकॉर्ड निवडायच्या त्या नलिनीकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी. काकू नागपूरच्या. त्यांना जॅझ अजिबात आवडत नाही, म्हणूनच सरांनी हे काम त्यांच्याकडे दिलं. "कुणाची बाजू घ्यायची नाही," काकू सांगायच्या, "मला तर सगळेच सारखे भांडून राहिले वाटतात." त्यांनी जुन्या चादरींचे अभ्रे शिवले होते. रेकॉर्डचं कव्हर त्या अभ्र्यात झाकून आतल्या खोलीत ठेवायचं, रेकॉर्ड पडद्याआड लावायची. आम्ही ऐकायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं, वाजवणारा कोण.

नुसतं नाव चालत नसे. नावाखाली कारण लिहावं लागे. कारणाशिवाय बरोबर नावाला शून्य गुण. "नाव माहीत असणं आणि माणूस ओळखणं यात फरक आहे," सर म्हणायचे. "नाव तर पोलीसही सांगतात." आणि ज्याने चिठ्ठीवर सरळ 'माहीत नाही' लिहिलं, त्याला अर्धा गुण. पहिली दोन वर्षं माझी सगळी कमाई या अर्ध्या गुणांची आहे.

सर शिकवायचे ते असं: सूर ऐकू नका, सुराच्या आधीचं ऐका. सॅक्सोफोनवाला श्वास कुठे भरतो, ट्रम्पेटवाल्याचे ओठ आधी ओले होतात की कोरडे, पियानोवाला स्वतःशी गुणगुणतो का. आणि सर्वांत आधी झांज ऐका. ड्रमरच्या डोक्याशी टांगलेली ती पितळी थाळी. "बाकी सगळे काही ना काही दाखवायला आलेले असतात. झांजवाला नुसतं चालत असतो. माणूस त्याच्या चालण्यावरून ओळखावा."

हा कान कुठून आला, ते सर कधी सांगत नाहीत. मला काकूंनी सांगितलं. नोकरीत असताना सर विमानाच्या इंजिनाजवळ उभे राहायचे आणि कानांवरची संरक्षक टोपणं काढून ठेवायचे. वरिष्ठ ओरडायचे, हाताखालचे विनवायचे. सरांचं उत्तर ठरलेलं: "कान झाकून इंजिनाशी बोलू कसा?" एकदा मीटरचे सगळे काटे जागेवर असताना त्यांनी एक विमान उडू दिलं नाही. म्हणे आत काहीतरी कुजबुजतंय. इंजिन खोललं तर एका बेअरिंगला केसाएवढी चीर होती. त्या विमानातून जायला निघालेली माणसं त्या दिवशी वैतागून परत जेवायला गेली. काय टळलं, ते त्यांना नंतर कळलं.

त्या काढून ठेवलेल्या टोपणांची किंमत पुढे कशी चुकती झाली, त्याकडे मी येतोच आहे. यायचं टाळत होतो, इतकंच.

त्याआधी एक गोष्ट माझी. माझे वडील गेले तेव्हा मी रडलो नाही. उपरोधावर जगणाऱ्या माणसाची ही सोय असते. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती, माझ्या मुलाला गोष्ट सांगतानाची, आणि तिच्यात खरखरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. सरांनी ती मागून घेतली. आठ दिवसांनी साफ केलेला आवाज पेन ड्राइव्हवर परत दिला, सोबत एक चिठ्ठी. 'चौदाव्या मिनिटाला वडील खुर्चीतून उठतात. डावा गुडघा दुखत असावा. त्या पायावर भार कमी पडतो.' सरांनी माझ्या वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. डावाच गुडघा होता. मी विसरलो होतो. ती चिठ्ठी घेऊन मी कोठीच्या जिन्यात बसलो आणि राहिलेलं सगळं तिथे झालं. सर दार लोटून आत गेले आणि त्यांनी मला तिथे बसू दिलं.

पुढे एका हिवाळ्यात सरांच्या यंत्रातून झांज ऐकू येईनाशी झाली.

असं सर म्हणायचे. "आवाज मागे गेलाय," ते पुटपुटायचे. त्यांनी सुई बदलली. मग तारा बदलल्या. मग पंचकुल्याच्या एका कारागिराकडून स्पीकर उघडून घेतले. आम्ही तिघेही त्यात हिरिरीने सामील झालो. ग्रेवालसाहेबांनी घरातल्या विजेवर संशय घेतला, मृण्मयीने इंटरनेटवरून एक जाडजूड लेख काढून आणला, मी भिंतीला सतरंजी लावून पाहिली. जॅझवेड्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर यंत्रात सापडतं. दोन महिने चार सुशिक्षित माणसं एका निर्दोष स्पीकरभोवती फेर धरून होती.

एका रविवारी, सगळं बदलून झाल्यावर, मी म्हणालो, "सर, आता बदलायचे ते कानच राहिले."

सगळे हसले. सरही हसले, जरा उशिराने. चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या काकू तेवढ्या हसल्या नाहीत. चहा ठेवून त्या आत गेल्या, तेव्हा मी मागोमाग गेलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कुकरची शिट्टी ऐकू नाही येत त्यांना," काकू म्हणाल्या. "मी आतून हाका मारून राहते, अन् हे पेपर वाचून राहतात. मला वाटलं रागावले. चाळीस वर्षांत माणूस रागवू शकतो ना."

आयुष्यात मी बरीच बोचरी वाक्यं लिहिली आणि बोललो. बहुतेकांचा मला अभिमान आहे. हे एक परत घेता आलं असतं तर बाकीची सगळी मी देऊन टाकली असती.

त्याच आठवड्यात सर एकटेच तपासणीला गेले. डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून दिली, उजवीकडे कड्यावरून कोसळणारी. सर्वांत वरच्या पट्टीचे आवाज आधी गेले होते. झांज पहिली. सरांनी आम्हाला काही सांगितलं नाही. आम्हाला काकूंकडून कळलं, आणि मग आम्ही ते केलं ज्याची मला आजही लाज वाटते.

"सरजी को पता नहीं चलना चाहिए, यार," ग्रेवालसाहेब जिन्यात म्हणाले. एरवी साक्षीदाराला घाम फोडणाऱ्या या माणसाचा आवाज ओला झाला होता. नावं चुकू लागली हे रविवारी सरांना कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. काकू सरांच्या ओळखीच्याच रेकॉर्ड लावतील. सर जे नाव घेतील तेच आम्ही घेऊ. आणि सर चुकलेच, तर काकू आतून त्या चुकीच्या नावाचं कव्हर आणून दाखवतील.

तीन रविवार निभावलं. चौथ्या रविवारी एका सॅक्सोफोनवर सरांनी नाव सांगितलं. ते चूक होतं. मलाही कळलं इतकं चूक होतं. ग्रेवालसाहेबांनी चिठ्ठी मुठीत चुरगळली. "पक्का वही, सरजी!" मृण्मयीने मान हलवली. मी तर कारणही जोडलं. काकूंनी आतून कव्हर आणलं, सरांनी ते वाचलं आणि समाधानाने ठेवून दिलं.

मग सर पडद्याआड गेले. रेकॉर्ड पुसून स्वतःच्या हाताने कव्हरात ठेवायची, हा त्यांचा रिवाज पहिल्या दिवसापासूनचा. आम्ही कटाच्या भरात तोच विसरलो होतो. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर नाव छापलेलं असतं, आणि सरांचे डोळे शाबूत होते.

बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. आले तेव्हा रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत काठाला धरलेली होती.

"नलू, कव्हर चुकलं."

"चुकलं नाही," काकू म्हणाल्या. "मीच बदललं."

सरांनी मृण्मयीपुढे हात केला. तिने चिठ्ठी दिली. सरांनी मोठ्याने वाचली: खरं नाव, आणि खाली, 'सूर सोडल्यावर थोडी हवा उरते.'

"बरोबर आहे," ते म्हणाले. "इतकं चांगलं ऐकता आणि खोटं बोलता?"

"सर, आम्हाला वाटलं..." मृण्मयीने सुरुवात केली.

"मला ऐकू येत नाही, ते मी सोसीन. पण किती ऐकू येत नाही हे मला कळूही नये, ही व्यवस्था कुणी केली?"

सर खुर्चीत बसले, कोरी चिठ्ठी घेतली, लिहिली आणि टेबलावर ठेवली. नावाच्या जागी 'माहीत नाही.' कारणाच्या जागी 'ऐकू आलं नाही.'

"अर्धा गुण," ते म्हणाले. "द्या."

ग्रेवालसाहेबांनी वहीत अर्धा गुण मांडला.

आता सरांच्या कानात यंत्रं आहेत. जवळ बसून सावकाश बोललेलं त्यांना कळतं. संगीत मात्र त्यातून पत्र्याच्या डब्यासारखं येतं, म्हणून रेकॉर्ड वाजत असताना ते यंत्रं काढून ठेवतात. हो, रविवार चालू आहेत. फक्त पद्धत बदलली. आम्ही ऐकतो, मग सर यंत्रं लावतात आणि आमच्यापैकी एकजण, ऐकलं ते त्यांना सांगतो.

माझी पाळी मला परीक्षेसारखी वाटते. पहिल्यांदा मी 'ट्रम्पेट जणू' असं सुरू केलं, तर सरांनी बोट वर केलं. "जणू नको. काय झालं ते सांगा." वीस वर्षांची माझी लेखनाची दुकानदारी त्या एका बोटाने बंद केली. कालच्या रविवारी मी सांगितलं ते एवढंच: "सुराआधी ओठांचा आवाज येतो. मग दोन सूर. मग बराच वेळ काही नाही, आम्हाला वाटलं संपलं. मग तिसरा सूर, आधीच्या दोन्हींपेक्षा हळू."

सरांनी डोळे मिटले होते. "तिसऱ्याच्या मागे झांज आहे?"

"आहे."

"थांबवलीय हाताने?"

"नाही. तिची तीच विरते."

"विरू द्या," सर म्हणाले आणि वाट पाहत राहिले. खोलीत काहीच वाजत नव्हतं. मी मनात ती झांज विरेपर्यंत थांबलो. "संपली," मी म्हणालो.

सरांनी नाव सांगितलं. बरोबर होतं.

"कारण, सरजी?" नियमाप्रमाणे ग्रेवालसाहेबांनी विचारलं.

"लेखकांनी नीट सांगितलं म्हणून."

संपादकांना एक विनंती. समारंभात हा लेख वाचून दाखवू नये. सभागृहात, माइकवर, सरांपर्यंत नुसता कल्लोळ पोहोचतो, आणि ते शिष्टाचार म्हणून हसत बसतील. ते मला पाहवणार नाही. ग्रंथ त्यांच्या हातात द्यावा. ते घरी जाऊन, चष्मा लावून, पेन्सिल घेऊन वाचतील.

सर, यात कुठे माझ्या जागी दुसरं कुणी बोलत असेल तर तिथे खूण करा. मी पुन्हा लिहून आणीन. तेही तपासा, त्यातही सापडेल. हे काम लवकर संपणारं नाही आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणारं नाही, तेव्हा शंभरी गाठेपर्यंत तरी तुम्हाला सुट्टी नाही. तब्येत सांभाळा, काकूंच्या समोर बसून जेवा, रोज थोडं उन्हात चाला. आम्ही रविवारी अकराला येतोच आहोत. काय वाजलं ते तुम्हाला सांगायला.