सगळ्यात खालचा कागद

माझ्या वहिनींना डोळ्यांच्या दवाखान्यात सगळे 'फूटपट्टी' म्हणतात. ऑपरेशनची यादी त्या करतात. कागद तारखेप्रमाणे लावायचे, दर सोमवारी वरचे आठ काढायचे. मोठ्या डॉक्टरांचे सख्खे मामा आले, तर त्यांनाही बाकावर बसवलं. "मामा तुमचे, रांग सगळ्यांची," म्हणाल्या. अशी बाई! दादाला काचबिंदू निघाला तोवर मला त्यांचं भारी कौतुक होतं.

दादा घड्याळं दुरुस्त करतो. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याची नजर दर आठवड्याला कमी होत चाललेली, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. चार सोमवार झाले तरी नंबर लागेना. विचारलं की म्हणायचा, "लागेल गं, तिच्या हातात थोडंच आहे!" एके दिवशी मी समोर उभी, आणि हा मलाच विचारतो, "कोण आलंय?"

माझं डोकंच फिरलं. सोमवारी सकाळी थेट दवाखाना गाठला, वहिनींच्या टेबलावरचा गठ्ठा उचलला आणि तारखा बघत गेले. दादाची तारीख सगळ्यांच्या आधीची. कागद मात्र सगळ्यात खाली!

"हा इथे कसा?"

"मीच ठेवते, दर सोमवारी. लोकांनी म्हणायला नको, नवऱ्याला पुढे घातलं."

"अहो, त्याच्या जागी तरी ठेवा! सगळे सारखे म्हणता, मग माझा भाऊ त्या सगळ्यांत नाही? तुमच्याशी लग्न केलं हा गुन्हा झाला का त्याचा?"

वहिनींचा आवाज एकदम खाली आला. "त्याच्यासाठी सगळी रांग मोडून टाकावीशी वाटते मला. पहिल्या दिवसापासून. त्या वाटण्याचीच भीती वाटते, म्हणून कागद खाली दाबते."

"वाटू दे की! वाटलं म्हणून काय झालं? हात सरळ ठेवा, बास."

त्यांनी तारीख बघितली आणि कागद सगळ्यात वर ठेवला. बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "घरचा दिसतोय."

वहिनी ताडकन उठल्या. "हो, घरचाच आहे! माझा नवरा आहे. चार सोमवार मी त्याला मागे ढकललं, ती माझी चूक. नंबर त्याचाच आहे. तारीख बघायचीय? या इकडे!"

कुणी उठलं नाही.

ऑपरेशन झालं. उरली होती तेवढी नजर वाचली, चार सोमवारांत गेली ती गेली. बारीक स्क्रू दादाला आता दिसत नाहीत. सुट्टीच्या दिवशी वहिनी ते बसवतात, दुकानात त्याला अगदी खेटून बसून. मी नुसतं बघितलं तरी गुरगुरतात, "काय बघतेस? माझा नवरा आहे."