ताईची पुडी

मी एसटीत कंडक्टर आहे, भूम डेपोला. तिकीट देताना हात पुढं करावाच लागतो आणि माझे हात लपत नाहीत. कोपरापासून बोटांपर्यंत लाल चट्टे, त्यावर पांढरा कोंडा. सोरायसिस. लागण होत नाही, हे सांगून तोंड दुखायचं. तरी एका बाईनं तिकीट पदराच्या टोकात धरून घेतलं होतं.

तेव्हा उमरग्याच्या मावसबहिणीनं जवळ घेतलं. ती माझ्याहून मोठी, तिला मी ताईच म्हणते. हायवेलगत तिचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान आहे, ट्रकवाल्यांची गर्दी असते. ती म्हणाली, "रडू नगं. माझ्याकडची पुडी घे, नुसता पाला हाय. काय अपाय न्हाय त्यात."

पंधरवड्यात चट्टे फिके झाले. मी डेपोतल्या दोघी-तिघींना ताईचं दुकान सांगितलं. पुढं चेहरा सुजायला लागला, पोटात आग पडायची. ताई म्हणाली, "औषध लागू पडतंय." शेवटी घाबरून मीच पुडी बंद केली, आणि आठवड्यात डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग लालबुंद झालं. थंडी भरून आली. मला सोलापूरला दवाखान्यात दाखल केलं.

डॉक्टरीणबाईंनी उरलेली पुडी तपासायला पाठवली. पाल्यात स्टेरॉइड आणि दुखण्याच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या.

मी विचारलं, "कातडीचंच दुखणं पोटात उतरलं का, बाई?"

"नाही. रक्तातल्या रक्षक पेशी वाटेल तिथं घुसत नाहीत. कातडी आपली रसायनं सोडते, आतडं आपली. केमोकाइन म्हणतात त्यांना. पेशीच्या अंगावर ती ओळखणारे रिसेप्टर असतात. ज्या पेशीवर कातडीचे रिसेप्टर, ती कातडीकडं जाते. आतड्याचे असतील तर आतड्याकडं. तुमच्या कातडीतून कारण नसताना बोलावणं सुटतंय, आणि पेशी येऊन सूज आणतायत. काहींना आतड्याचाही आजार होतो, पण तुमचा तो नाही. तुमचं पोट पुडीनं जाळलंय."

"मग पुडीनं बरं कसं वाटलं?"

"तिनं सगळ्या पेशींना एकदम दाबून टाकलं. बोलावणं चालूच होतं. दाब निघाला आणि सगळ्या एकदम उसळल्या."

माझं रक्षण करणाऱ्यांनीच मला खाल्लं, हे समजून घेतलं. पेशींना ते कळत तरी नव्हतं.

बरं वाटल्यावर उमरग्याला गेले. ताई दुकानात होती, घरी तिची कॉलेजातली मुलगी. तिनं पाणी दिलं, तेव्हा तिच्या मनगटावर माझ्यासारखाच चट्टा दिसला. खिडकीत मलमाची ट्यूब होती, सोलापूरच्या डॉक्टरची चिठ्ठी चिकटवलेली.

"तू पुडी न्हाय घेत?"

"आई हातसुद्धा लावू देत न्हाय, मावशी. म्हणते, ती आपल्यासाठी न्हाय."

मी पाणी न पिताच ग्लास ठेवला. ताई आली. मी एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "समदेच घालतात गं. तुला बरं वाटत होतं की."

"मी तुझी कोण होते?"

मी पहिल्या गाडीनं परतले. डेपोतल्या बायकांना गाठून पुडी डॉक्टरांना दाखवायला लावली. स्टेरॉइडनं एकीची रक्तातली साखर तोवर वाढलेली होती. तक्रारही दिली. दुकान थोडे दिवस बंद राहिलं, आता पुन्हा उघडंय म्हणतात.

माझ्यावर सोलापूरचेच उपचार चालू आहेत. पोट बरं झालं, हातावर थोडे चट्टे आहेत. परवा ताईच्या आईच्या, म्हणजे माझ्या मावशीच्या तेराव्याला ताई शेजारी येऊन बसली, माझा हात हातात घेऊन रडली. मी हात सोडवला नाही. पण तिनं वाढलेलं ताट मला खाववलं नाही.