कोंडीबुवांनी पाळलेलं सुतक

आमच्या वाडीतल्या भैरवनाथाच्या मठात कुणी अंगारा मागायला गेलं, की कोंडीबुवा आधी विचारायचे, "कुणाशी बोलत न्हाईस?" ताप असो, म्हैस आटलेली असो, प्रश्न हाच. माणूस आढेवेढे घ्यायचा आणि मग भावाचं नाहीतर जावेचं नाव सांगायचा. "जा, त्याला घिऊन ये. दोघं आलासा की मग अंगारा." कितीतरी जण चिडून परत जायचे. काही खरंच दोघं यायचे आणि मठाच्या पायरीवर एकमेकांकडे पाठ करून बसायचे. बुवा त्यांना तसंच बसवून गोठा झाडायला निघून जायचे.

बुवा मूळचे राजगडाच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातले. उंच, काटक, आणि मिशा अशा की लहान पोरं त्या बघायलाच मठात यायची. थोरल्या बुवांनी जाताना गादी त्यांच्या हवाली केली, तेव्हा वाडीत कुरबुर झाली. सगळ्यांत मोठ्यानं बोलले ते माझे वडील. अण्णा गावचे जोशी. चावडीवर चार माणसांत ते म्हणाले, "म्हशी वळणाऱ्यानं गादीवर बसायचं, तर मी पंचांग गुंजवणी नदीत सोडून देतो." ते बुवांच्या कानावर गेलं. तेव्हापासून दोघं वाटेत समोरासमोर आले, की एक जण बांधाकडे बघायचा, दुसरा डोंगराकडे. आई हसून म्हणायची, "आता या दोघांना अंगारा कोण देणार?"

बुवांच्या तोंडी गुराख्याची भाषा होती. एकदा कुणी दारुड्या नवऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन आलं, तेव्हा ते म्हणाले, "उधळल्या जनावराच्या म्होरं हुबं ऱ्हाऊ ने. बाजूनं जावं, हात लावावा, मंग वळवावं." त्या नवऱ्याला त्यांनी खरंच तसं वळवलं. रोज संध्याकाळी गोठ्यात कामाला बोलवायचे आणि दारूबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत.

देश स्वतंत्र झाला, त्या हिवाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगा झाला. तो अजून पाळण्यातही घातला नव्हता, तेव्हा नसरापूरला मोटारीबरोबर दिल्लीची बातमी आली आणि तिथून पायवाटेनं आमच्या वाडीत. महात्माजींना गोळ्या घातल्या. मारणारा ब्राह्मण होता, हे त्या बातमीच्या मागोमाग आलं. अण्णांनी दाराला आतून अडसर घातला.

बुवांनी न्हाव्याला बोलावून डोकं भादरून घेतलं आणि मिशाही उतरवल्या. बाप गेल्यावर मुलगा करतो तसं. मग घरोघर निरोप गेला : "बाप गेला. गावाला सुतक हाय. आज-उद्या कुणी चूल पेटवू नये." वाडीनं शिळ्या भाकऱ्या खाल्ल्या. दुपारी मठात झाडलोट करणारी बाई आमच्या दाराशी आली. अडसराच्या फटीतून म्हणाली, "बुवांचा निरोप हाय. बाळंतिणीची शेगडी तेवढी चालू ठिवा म्हनं." अण्णा आतच उभे होते.  शेगडी त्यांनी स्वतः फुंकली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना रस्त्याच्या बाजूनं माणसं आली. हातात मशाली होत्या. वाडीतले काही त्यांना मिळाले. आधी परसातली वैरणीची गंज पेटली. मी बाळाला पोटाशी धरून बाळंतिणीच्या खोलीत होते. खिडकीतून धूर आत येत होता. अण्णा दार उघडून उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. आई त्यांना मागून ओढत होती.

पुढचं वाडी तीन तऱ्हांनी सांगते. जुने म्हणतात, बुवा हात पसरून अण्णांच्या पुढ्यात उभे राहिले आणि गरजले, "सुतकात चूल पेटत न्हाई, आन् तुमी घर पेटिवता?" धनगरवाड्यावरची माणसं सांगतात, बुवा गरजले वगैरे काही नाहीत, धुळीत बसून पोरासारखे रडले, आणि ते बघून जमाव ओशाळला. त्यानंतर पुण्याला निघून गेलेले आमचे चुलते तिसरंच सांगत : गंज जळून गेल्यावर बुवा उगवले आणि आगलाव्यांना पाठीशी घालून बसले.

मी पाहिलं ते एवढंच. बुवा पुढून आले नाहीत. गोठ्याच्या बाजूनं आले, गर्दीत शिरले आणि सरळ वाडीतल्या एका तरण्याजवळ गेले. मशाल त्याच्या हातात होती. बुवांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. मला शब्द ऐकू आले नाहीत. तो त्यांच्या मिशा नसलेल्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याच्या हातून मशाल गळाली. बुवांनी ती पायानं मातीत विझवली. बाकीचे हळूहळू पांगले.

मग चौकशीला पोलीस आले. बुवांनी एकही नाव दिलं नाही. तेव्हा इतक्या वर्षांनी अण्णा मठाची पायरी चढले.

"नावं सांगा, बुवा."

"वैरन भरून देतो, जोशीकाका. नाव न्हाई देनार."

"म्हणजे तुम्ही त्यांचे राखणदार!"

"व्हय. तुमचाबी हाय. तुमाला आन् त्यास्नी हितंच ऱ्हायाचं हाय न्हवं?"

अण्णा संतापून परतले. दुसऱ्या दिवशी मठाची वैरण गाडीत भरून आमच्या परसात आली. अण्णांनी ती उतरवून घेतली, आणि पुढे वाडी सोडायचं नाव काढलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बुवा आजारी असल्याचं कळलं, म्हणून मी मुलाला घेऊन भेटायला गेले. मिशा पुन्हा वाढल्या होत्या, पण पांढऱ्या. मी विचारलं, "बुवा, वाडीत तीन गोष्टी सांगतात. खरी कुठली?"

"काय बोललो ते मलाच याद न्हाई, पोरी. ज्याला जी पटंल ती त्यानं ठिवावी."

"तुम्ही ज्याचं मनगट धरलं, त्याचं तोंड मी खिडकीतून पाहिलंय."

बुवा उठून बसले. "आन्नांना सांगितलंस?"

"नाही."

"का गं?"

"त्याची आई माझ्या बाळाला तेल लावायला यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी आली. तिला लेकाचं काही ठाऊक नव्हतं. मांडीवर घेऊन गुणगुणत तिनं बाळाला न्हाऊ घातलं. मी सांगितलं असतं, तर ती पुन्हा कधी उंबऱ्याच्या आत आली नसती."

बुवांनी माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "लई दिस ह्ये वझं एकट्यानंच वागवत व्हतो. बरं झालं, आता दोघं झालो."

त्याच हिवाळ्यात ते गेले. त्यांना खांदा देणाऱ्यांत अण्णा होते, आणि त्यांच्या शेजारी तो तरणाही होता. चढावर अण्णांचा पाय अडखळला, तेव्हा त्यानं त्यांना दंडाला धरून सावरलं. "जपून, जोशीकाका," तो म्हणाला. अण्णा म्हणाले, "तू आहेस ना, मग झालं."